तहकूब गाडीची सुनावणी

कऱ्हाडच्या सोमवार पेठेतील एका जुन्या वाड्याच्या पडवीत, जिथे पूर्वी जळाऊ लाकडे आणि शेतावरून आलेली भुईमुगाची पोती ठेवीत असत तिथे, १९६७ सालची एक फियाट अकराशे डिलाइट गाडी एकोणीस वर्षे उभी होती. आणि या एकोणीस वर्षांत असा एकही दसरा उजाडला नाही की तिच्या बॉनेटवर हळदकुंकू वाहिले गेले नाही किंवा पुढच्या बंपरला झेंडूची माळ चढली नाही. पूजेत खंड नव्हता. खंड होता तो वाहन या शब्दाच्या अर्थात. जे वाहते ते वाहन. ही गाडी वाहत नव्हती, तिच्यावर मात्र फुले वाहिली जात होती.

गाडी माझ्या मित्राच्या वडिलांची. ते कऱ्हाडच्या कोर्टात वकिली करीत आणि सारे गाव त्यांना नुसते ‘वकीलसाहेब’ म्हणे. २००४ साली डोळ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांनी गाडी स्वतःच्या हाताने पडवीत लावली, किल्ली देवघरातल्या कोनाड्यात ठेवली आणि पुढे चार वर्षांनी ते गेले. वारसांमध्ये तंटा नव्हता. होता तो फक्त संकोच. विकायची म्हटली तर आईचे डोळे भरून येत आणि चालू करायची म्हटली तर कोणाला सवड नसे. वकीलसाहेबांच्याच भाषेत सांगायचे तर प्रकरण निकाली निघाले नव्हते, ते तहकूब झाले होते. २०२३ साली मित्र नोकरीतून निवृत्त होऊन पुण्याहून कऱ्हाडास परतला, तेव्हा त्याने या प्रकरणाची पुढची तारीख मुक्रर केली: येता दसरा. मी त्या सुनावणीचा निव्वळ साक्षीदार.

गाडीचे कुळ सांगितल्यावाचून पुढे जाणे आपल्या रीतीला धरून होणार नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभारली आणि मुंबईजवळ कुर्ल्याला कारखाना घातला. आरंभी तिथे अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या मोटारी जोडल्या जात. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि अकराशे नावाची छोटी मोटार कुर्ल्यात बनू लागली. तिच्या पहिल्या अवताराचे पुढचे नाकाड पाहून आपल्या लोकांनी तिला ‘डुक्कर फियाट’ हे जे नाव दिले, ते इतके अचूक ठरले की आजही जुन्या गाड्यांचे शौकीन ते अदबीने उच्चारतात. डिलाइट ही तिची धाकटी, चापूनचोपून बसलेली बहीण. आणि हीच गाडी १९७४च्या सुमारास ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने नांदू लागून पुढे काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने मुंबईची खूणच होऊन बसली. चार सिलिंडरांचे १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला असलेला गिअर, जोर मागच्या चाकांना, चारही चाकांना ड्रमचे ब्रेक: एवढाच तिचा संसार. तो इतका साधा आहे की शहाण्या माणसाला चार पान्यांनी उकलता येतो आणि अडाण्याला एका किल्लीने मोडता येतो.

किल्लीने मोडण्याचा प्रयोग या गाडीवर एकदा होऊनही गेला होता. वकीलसाहेब गेल्यानंतर काही वर्षांनी गल्लीतल्या उत्साही तरुणांनी गणपतीच्या दिवसांत नवी बॅटरी आणून सेल्फ मारला, इंजिन घेईना म्हणून धक्का मारला, आतून काहीतरी ठणकल्याचा आवाज झाला तेव्हा ‘इंजिन गेले’ असा निवाडा देऊन गाडी पुन्हा पडवीत ढकलली आणि जाताना, जबाबदार माणसांप्रमाणे, हँडब्रेक घट्ट ओढून ठेवला. या साऱ्या कृत्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. परंतु पुढे तीन महिने जे काम चालले त्यातले निम्मे काम त्या पंधरा मिनिटांचे पाप फेडण्याचे होते.

हे काम ज्यांनी केले ते मिस्त्री सत्तरीच्या पलीकडचे. उमेदीची वर्षे मुंबईत टॅक्सीच्या गॅरेजात काढून गावी परतलेले. श्रावणातल्या एका दुपारी ते आले, गाडीभोवती दोनदा फिरले, पाठीमागे हात बांधून बॉनेट उघडायला सांगितले आणि आत बराच वेळ नुसते पाहत राहिले. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी सीटच्या काथ्याचे आणि वर्तमानपत्राच्या कपट्यांचे घरटे केले होते. प्लगच्या दोन वायरी कुरतडलेल्या होत्या. रेडिएटरच्या नळ्या दाबताच बिस्किटासारख्या मोडत होत्या. मित्राने उत्साहाने किल्ली पुढे केली तेव्हा मिस्त्रींनी ती घेतली आणि कोपरीच्या खिशात टाकली. “दादा, ही आता दसऱ्यापर्यंत माझ्यापाशी,” ते म्हणाले. “आधी हातानं फिरवायचं, मग किल्लीनं. उभी राहून गाडी मरत नाही. मरते ती चालू करताना.”

या वाक्यात यंत्रशास्त्राचा एक मोठा सिद्धान्त सामावलेला आहे हे मला हळूहळू कळत गेले. इंजिन बंद असते तेव्हा त्यातले तेल आपल्या वजनाने खाली चेंबरमध्ये उतरते. दिवसांमागून दिवस जातात तसा सिलिंडरच्या भिंतींवरचा, कॅमच्या उंचवट्यांवरचा आणि बेअरिंगांमधला तेलाचा पातळ पापुद्रा नाहीसा होतो. कृष्णाकोयनेच्या काठची पावसाळी हवा उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून आत शिरते, आणि पिस्टनच्या रिंगा ज्या जागी थांबल्या असतील त्याच जागी बिडाच्या भिंतीला तांबेरा धरून चिकटतात. इथवर हानी अल्प असते, बहुधा निस्तरण्याजोगी असते. परंतु अशा कोरड्या, चिकटलेल्या इंजिनाला सेल्फच्या जोराने एकदम गरगरवले की रिंग तुटते, भिंतीवर चरे पडतात आणि एखादा व्हॉल्व्ह आपल्या गाइडमध्ये अडकून बसला असेल तर त्याला ढकलणारी बारीक सळई, म्हणजे पुशरॉड, वाकते. तरुणांनी ऐकलेला ठणका हाच. मिस्त्रींनी वरचे टॅपेटचे झाकण काढले तेव्हा आठ सळयांपैकी एक धनुष्यासारखी वाकलेली निघाली. तिच्या बदली दुसरी मिळाली ती कुर्ल्याच्या भंगारबाजारात: जिथे गाडीचा जन्म झाला, तिथूनच छप्पन्न वर्षांनंतर तिच्यासाठी हाड आणावे लागले.

वकीलसाहेबांच्या बाजूनेही एक पुरावा निघाला. पुढच्या कप्प्यात त्यांची एक लांबोडकी वही होती, कोर्टाच्या दफ्तरात असते तशी बांधीव. तीत प्रत्येक वेळी भरलेले पेट्रोल, मीटरचा आकडा आणि ऑइल बदलल्याची तारीख वळणदार बाळबोध अक्षरात नोंदलेली होती. शेवटची नोंद गाडी उभी करण्याच्या आदल्या महिन्यातली, ऑइल बदलल्याची. ती वाचून मिस्त्रींनी वही कपाळाला लावली. यात भावनेपेक्षा हिशेब अधिक होता. जळून काळ्या झालेल्या ऑइलमध्ये आम्ले साठलेली असतात. तशा ऑइलवर गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली तर ती आम्ले बेअरिंगांचा मऊ धातू निवांतपणे खात बसतात. ताजे ऑइल घालून उभ्या केलेल्या गाडीला ही कीड लागत नाही. वकीलसाहेबांनी आपल्या नित्याच्या शिरस्त्याने केलेली ती एक नोंद एकोणीस वर्षांनी गाडीच्या उपयोगी पडली.

मग प्रत्यक्ष उपचार सुरू झाले. चारही प्लग काढून प्रत्येक भोकातून डिझेल आणि ऑइल यांचे मिश्रण चमचा चमचा ओतले, भोकांवर चिंध्या दाबल्या आणि मिस्त्री चार दिवस फिरकलेच नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी मागचे डावे चाक जॅकवर उचलले. परंतु ते चाक फिरेना, कारण ओढून ठेवलेल्या हँडब्रेकमुळे आतले ब्रेकशू ड्रमला गंजून चिकटले होते. अवघी सकाळ लाकडी हातोड्याने तो ड्रम ठोकण्यात गेली. ठोके हलके, सारख्या अंतराने, चाकाभोवती फिरत फिरत, देवळातल्या टाळासारखे. दुपारी ड्रम सुटला तेव्हा आतल्या बाजूस शूची हुबेहूब आकृती तांबेऱ्याने उमटलेली होती. ती मला दाखवून मिस्त्री म्हणाले, “ही बघा सावधगिरी.”

ड्रम परत बसवून गिअर चौथ्यात टाकला. या गाडीचा जोर मागच्या चाकांना असल्यामुळे चौथ्या गिअरमध्ये उचललेले चाक हाताने फिरवले की तीच हालचाल उलट्या वाटेने इंजिनापर्यंत पोचते आणि पिस्टन वरखाली होतात. आणि हाताला काही अडल्याची जाणीव ताबडतोब होते, जी सेल्फच्या मोटारीला कधीच होत नाही. मिस्त्रींनी टायरवर खडूने एक रेघ ओढली, त्याच्यासमोर मडगार्डवर दुसरी, आणि दोन्ही हातांनी चाक धरून पुढे रेटले. रेघ जागची हलली नाही. मागे रेटले. तरीही नाही. पुढे, मागे, पुढे, मागे, जोर न लावता, जात्याचा खुंटा हातात धरून दळण नसताना चाळा करावा तसे. वीसेक मिनिटांनी खडूच्या दोन रेघांमध्ये बोटभर फट पडली. कोणी काही बोलले नाही. मिस्त्रींनी पुन्हा चमचाभर ऑइल ओतले आणि दुसऱ्या दिवशी यावयाचे सांगून ते सायकलीवर बसून निघून गेले. तिसऱ्या दिवशी चाकाने पूर्ण फेरा घेतला, प्लगच्या भोकांवरच्या चिंध्या उडाल्या आणि काळसर डिझेलचा फवारा पडवीच्या चुन्याच्या भिंतीवर उमटला. तो डाग मित्राच्या आईने पुसू दिला नाही.

इंजिन सुटले म्हणजे गाडी चालू झाली असे नव्हे. किंबहुना यानंतरचे काम अधिक चिकाटीचे. टाकीतले पेट्रोल पेट्रोल राहिले नव्हते. त्याला वार्निशासारखा आंबूस वास येत होता आणि तळाशी गुळाच्या काकवीसारखा चिकट साका होता. पेट्रोलमधला हलका अंश उडून जातो, उरलेला हवेशी संयोग पावून डिंकासारखा घट्ट होतो आणि कार्ब्युरेटरमधील जेटांची सूक्ष्म भोके बुजवून टाकतो. ही भोके तारेने कोचण्याचा मोह अनेकांना होतो. मिस्त्रींनी तार हातात धरली नाही. जेट पितळेचे, पितळ मऊ, भोक केसाएवढे रुंद झाले तरी पेट्रोलचे माप कायमचे बिघडते, म्हणून ती रात्रभर भिजत घालून हवेच्या झोताने मोकळी केली. पेट्रोल खेचणाऱ्या पंपाचा पडदा कडक होऊन तडकला होता, तोही बदलला.

रबराच्या सर्व नळ्या मात्र सरसकट नव्या घातल्या आणि याचे कारण कऱ्हाडच्या माणसाला परके नाही. या मुलखात उसाचे मळे आणि साखर कारखान्यांची धुराडी पावलोपावली; त्या कारखान्यांत निघणारे इथेनॉल आता वीस टक्क्यांपर्यंत पेट्रोलात मिसळले जाते. १९६७ सालच्या रबराला त्याची सवय नाही, ते फुगते आणि चिरते. शिवाय इथेनॉल हवेतले पाणी शोषून घेते आणि पाण्याचे प्रमाण वाढले की ते पाण्यासकट पेट्रोलापासून फुटून टाकीच्या तळाशी बसते व पत्रा गंजवते. म्हणजे पूर्वीपेक्षा आज गाडी भरल्या टाकीनिशी वर्षभर उभी ठेवणे अधिक जोखमीचे झाले आहे. शेजारच्या शिवारातला ऊसच असा फिरून गाडीच्या नळीत येतो.

विजेच्या बाजूचे काम त्या मानाने सोपे निघाले. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटांवर राखाडी बुरशीसारखा थर बसला होता, तो बारीक पॉलिश पेपरने घासून त्यांच्यातले अंतर पट्टीने मोजून लावले, कंडेन्सर आणि वायरी बदलल्या, आणि प्लग इंजिनाच्या बिडाला टेकवून पाहिला तेव्हा निळी, चटकदार ठिणगी पडली. ठिणगी पिवळी आणि रोडावलेली असती तर कॉइलवर संशय घ्यावा लागला असता.

परंतु मिस्त्रींनी सर्वांत अधिक दिवस घालवले ते ब्रेकांवर, आणि मित्राचा धीर सुटू लागला तो तिथेच. इंजिन चालू होण्याजोगे झाल्यावर हा वेळ वाया चालला आहे असे त्याला वाटे. “चालू न होणारी गाडी कुणाचं वाकडं करत नाही, दादा. न थांबणारी करते,” एवढेच उत्तर त्याला मिळाले. ब्रेक ऑइलचा स्वभावच हवेतली ओल ओढून घेण्याचा. ती ओल चाकांच्या सिलिंडरांत साचून आतून गंज धरते, रबराच्या वाट्या ताठतात, आणि पेडल पहिल्यांदा टणक लागले तरी दहाव्या वेळी थेट तळाला जाते. चारही चाकांचे सिलिंडर उघडले, दोन बाद केले, सर्व रबरे नवी घातली, नवे ऑइल भरून प्रत्येक चाकाची हवा काढली. टायर वरकरणी धड दिसत होते, नक्षीही शिल्लक होती. पण बाजूवरच्या चार आकडी शिक्क्यातले पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन साल सांगतात हे मिस्त्रींनी दाखवले, आणि साल ०३ निघाले. वीस वर्षांच्या रबरावर भरवसा कसा ठेवायचा? टायर बदलले.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी, खंडेनवमीस, वाड्यात हत्यारांची पूजा झाली तेव्हा पाटावर मिस्त्रींचे पाने मांडले होते. दुसऱ्या दिवशी, २४ ऑक्टोबरला, सकाळी त्यांनी खिशातून किल्ली काढली. परंतु आधी प्लग पुन्हा काढले आणि ठिणगीचा संबंध तोडून सेल्फ थांबत थांबत, थोडा थोडा फिरवला. समोरच्या फळ्यावर ऑइलचा लाल दिवा जळत होता. प्लग नसल्यामुळे इंजिनावर भार नव्हता आणि पंप नवे ऑइल चेंबरमधून उचलून बेअरिंगांपर्यंत, तिथून वर टॅपेटांपर्यंत पोचवत होता. पाचव्या खेपेस दिवा विझला. “पोचलं,” मिस्त्री म्हणाले. नंतर प्लग बसवले. टाकीतल्या पेट्रोलावर अजून विश्वास नव्हता म्हणून सलाइनची रिकामी बाटली ताजे पेट्रोल भरून बॉनेटच्या कडीला टांगली आणि तिची नळी कार्ब्युरेटरला जोडली. रुग्ण, सलाइन, उशाशी बसलेली म्हातारी आई: चित्र पूर्ण झाले. वाळूने भरलेली बादलीही जवळ ठेवली होती, कारण उघडे पेट्रोल आणि ठिणगी यांची गाठ पडण्याचा संभव अशाच वेळी असतो.

चोक ओढला. किल्ली मित्राने फिरवली. पहिल्या खेपेस नुसती खोकल्याची उबळ. दुसऱ्या खेपेस दोन सिलिंडर पेटून विझले. तिसऱ्या खेपेस इंजिनाने एकदा अंग झटकले, मागून निळापांढरा धूर वाड्याच्या चौकभर पसरला, आणि त्या धुरातून तो आवाज आला, शिवणयंत्रासारखा, थोडा घोगरा, टॅपेटांची टकटक मिसळलेला, जो ऐकून आई जिन्याच्या पायरीवर खाली बसली. मिस्त्रींनी कोणाकडे पाहिले नाही. ते दिव्याकडे पाहत होते. तो विझलेलाच होता. मग त्यांनी धूर पाहिला. निळा धूर सिलिंडरांत ओतलेल्या ऑइलचा, पांढरा साठलेल्या ओलीचा. दोन्ही पाच मिनिटांत ओसरले. नंतर रेडिएटरच्या नळीला हात लावून ती तापते आहे याची खातरजमा केली आणि वीस मिनिटांनी स्वतःच इंजिन बंद केले.

गाडी त्या दिवशी रस्त्यावर गेली नाही, आणि हे वाचकांनी मुद्दाम लक्षात घ्यावे. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते व पुढे तपासणी होऊन पाच पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. या गाडीची मुदत कधीच संपली होती आणि विमाही. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली व्हिंटेज म्हणून निराळी नोंदणी ठेवली आहे: नव्या नोंदणीस वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत, क्रमांकात व्ही ए ही अक्षरे, आणि नित्याच्या वापरास मनाई. मित्राला गाडी आईला घेऊन कृष्णाकोयनेच्या संगमावर न्यायला हवी होती, शोभायात्रेत मिरवायला नको होती. म्हणून त्याने साध्या नूतनीकरणाचा अर्ज केला. वकिलाची गाडी बिनकागदपत्रांची रस्त्यावर कशी जाईल? तेव्हा त्या सकाळी ती पडवीतून निघून चौक ओलांडून दिंडी दरवाजापर्यंत गेली, चाळीस पावले, आणि तितकीच मागे आली. पुढे सहाच दिवसांनी, ३० ऑक्टोबरला, वीस वर्षांच्या वयोमर्यादेपायी मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली.

ज्यांच्या अंगणात, शेडमध्ये, वाड्याच्या मागच्या दारी अशी एखादी गाडी उभी असेल त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की सणाच्या उत्साहात तिला सेल्फ मारू नका. प्लग काढा, चमचाभर ऑइल ओता, हँडब्रेक सोडवा, टाकी रिकामी करा. आणि जिला एकोणीस वर्षे थांबवले तिच्यासाठी आणखी तीन महिने थांबा.

दसऱ्याला गाडी पडवीत परत लागली तेव्हा मिस्त्रींनी बॅटरीची एक वायर सोडवली, झेंडूची माळ गरम रेडिएटरपासून बाजूला सरकवली, आणि हँडब्रेक न ओढता मागच्या चाकाखाली दोन विटा लावल्या.